जप्तीची यादी

त्या वर्षी कांदेबाग संपता संपता
सावद्याच्या बाजारपटांगणात सर्कस उतरली
आणि उठलीच नाही.

जागाभाडं थकलं. मालक एका रात्री पॅसेंजरने गेला,
कोणी म्हणे खांडव्याकडे, कोणी म्हणे भुसावळला.
मागे तंबू, तंबूतली माणसं,
आणि ऊन असं, की बांबूला हात लावला तर फोड यावा.

माझे वडील नथ्थू बऱ्हाटे, नगरपालिकेत कारकून,
कार्बन घातलेलं छापील बाड घेऊन निघाले.
मी सोबत. टेप धरायला.

तंबू, एक. ठिगळं असंख्य.
(‘असंख्य’ खोडून ‘बरीच’.)
एकचाकी सायकल, सीट नाही.
वाघाचा पिंजरा. आत वाघ नाही,
झुल्यावरच्या पोरींचे परकर वाळत घातलेले.

हत्तिणीपाशी वडील अडले.
पेन कानावर ठेवून मुख्याधिकाऱ्यांच्या शिपायाला म्हणाले,
“भो, इले कोन्त्या रकान्यात टाकू?
स्थावर म्हनू त हालते,
जंगम म्हनू त साखय हाय.”
ती घड उतरवलेले केळीचे खांब सोलत होती,
लोकांनी बांधावरून आणून टाकलेले.
सोंडेवर चिकाचे काळे डाग.

कुंजीरामन जोकर रंगाशिवाय बसलेला,
तोंड पोस्टमास्तरसारखं.
म्हणाला, आजोबांच्या वेळी मशालीवर खेळ व्हायचा,
गोऱ्या कलेक्टरला सोफा,
राजाला त्याहून उंच सोफा,
आणि पडलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त टाळ्या.
“रिंगण मोजा साहेब. बेचाळीस फूट.
पाठीवर माणूस उभा राहील असा घोडा
एवढ्याच गोलात धावतो. कुठल्याही देशात जा.”

मी मधल्या खुंटीपाशी टेप दाबून उभा राहिलो.
वडील फिरले कडेकडेने,
धोतराचा सोगा एका हातात.
एकवीस. एकवीस. इकडेही एकवीस.
मग टेप सोडला,
आणि पुन्हा एक फेरी मारली,
जरा भरभर.
झुल्यावरची एक पोरगी हसली, तेव्हा थांबले.

रिंगण यादीत नाही. जमीन आधीच पालिकेची.

लिलाव झाला. ताडपत्री केळीच्या ट्रकांवर गेली,
पुढे कित्येक वर्षं रावेरच्या रस्त्याने
माझ्या पुढून एखादा निळा-पिवळा पट्टा फडफडत जायचा.
कुंजीरामन कुठे गेला, ठाऊक नाही.
हत्तिणीला न्यायला कोणी तरी आलं होतं,
मी तेव्हा शाळेत होतो.

वडील गेल्यावर पत्र्याच्या पेटीत कार्बनची प्रत सापडली.
अनुक्रमांक सतरा: हत्तीण.
स्थावर, कोरं. जंगम, कोरं. अंदाजे किंमत, कोरं.
शेऱ्यात एकच शब्द, ठळक, दोनदा गिरवलेला:

खाते.