कोटघर

माझी खिडकी तळमजल्यावर, जिन्याखाली.
ऑक्टोबर ते एप्रिल मी तीनशे कोट सांभाळते,
पितळी बिल्ले देते, बिल्ले घेते.
बाहेर उणे चौतीस. गोठलेल्या सेलेंगावरून
ट्रक जातात, रस्ता असल्यासारखे.

वर दोनशे बारामध्ये दर गुरुवारी दोन वाजता
रिंचिनोव सर बौद्ध दर्शन शिकवतात,
आणि गरम पाण्याच्या पाइपातून त्यांचा आवाज
माझ्यापर्यंत उतरतो,
थोडा गंजलेला, थोडा कोमट.

सगळंच ऐकू येतं असं नाही.
पाइप खाकरला की अख्खं एक शतक बुडतं.
निर्वाणाच्या दिवशी तर प्लंबर आला होता.
पण अनात्म मी पुरतं ऐकलंय, तीन हिवाळे.

बाही उसवा. कॉलर काढा. अस्तर, गुंड्या, खिसे.
आता सांगा, कोट कुठाय?
(हे उदाहरण माझं. सरांची फार जुनी असतात.)
मी म्हणते, एकशे अठ्ठावीस नंबरच्या खुंटीवर.

एकदा सर बिल्ला हरवून आले.
म्हणाले, तो तपकिरी, तो माझा.
मी म्हटलं, माझा म्हणजे कुणाचा, सर?
मागची पोरं हसली. सर नाही हसले.
खिसे उलटे करत राहिले,
खडूचे तुकडे, पावाचा वाळका कोपरा, चष्म्याचा स्क्रू,
जणू बिल्ला नाही, उत्तरच शोधताहेत.
मग मलाच ओशाळल्यासारखं झालं.
नियम मोडून कोट दिला, बाही धरली.
त्या हाताला वजन असं नव्हतंच.

पुढच्या गुरुवारी मी घरून देगेल आणला,
आईचा, मेंढीच्या कातड्याचा, गुडघ्यांखाली पोचणारा.
आई दहा वर्षांची असताना
मठातल्या पोथ्या गाड्या भरून नेल्या. कुठे, ते कुणी विचारलं नाही.
वळणावर एक पान उडून बर्फात पडलं.
तिनं ते उचललं आणि अस्तरात शिवलं.
शिपाई आले, गेले. लग्न झालं. धाकटा भाऊ तापानं गेला.
रोज सकाळी दुधाचा पहिला घोट आभाळाला शिंपडून
ती छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवायची.
वाचता तिला येत नव्हतं. मलाही नाही,
आमच्या शाळेत रशियन अक्षरं होती फक्त,
ही वरून खाली पावसासारखी उतरणारी.

मी टाके उसवले. सरांनी पान दिव्याखाली धरलं.
बराच वेळ. मग हलकेच,
दवाखान्यात सांगतात तसं,
म्हणाले, बालजिमा, हा मंत्र नाही.
हा स्वयंपाकघराचा हिशेब आहे.
चहाच्या विटा अकरा. लोणी दोन पोती.
मीठ उसनं आणलं, त्सिदेनकडून.
पातेलं गळतंय.

वर घंटा झाली. दोघंही हललो नाही.
शेवटी मीच विचारलं,
मीठ परत केलं का, ते लिहिलंय?
ते म्हणाले, नाही, पान तिथंच संपतं.

त्या दिवशीचं व्याख्यान मी पाइपाला कान लावून ऐकलं.
वाटलं, आता सांगतील,
एक बाई साठ वर्षं मिठाच्या उधारीला हात जोडत होती,
पोरं हसतील, वह्यांत उतरवतील.
सरांनी त्यातलं काही काढलं नाही.
श्रद्धेवर बोलायचं ठरलं होतं, ते कालगणनेवर बोलले,
आणि दोनदा चुकले.

पान मी परत शिवलंय.
जुन्याच भोकांतून सुई घातली, दोरा तेवढा नवा.
सकाळी दूध शिंपडते.
हात डावीकडे जातो आणि तोंडात येतं,
चहा अकरा, लोणी दोन, मीठ उसनं,

मग पातेल्यापाशी मी थांबते,
कुठं गळतंय, ते बघायला.