वेल्दाचं मशीन

तार्तूमध्ये डिसेंबरात सव्वातीनला अंधारतं.
एमायोगी नदीच्या कडेनं बर्फ धरू लागलाय
आणि मी तिसऱ्या मजल्यावर
अस्तित्वातच नसलेल्या एका बाईचा माउस हलवतेय.

वेल्दा पिह्लाक. नाव मीच ठेवलं.
लाकडाच्या वखारीत हिशेबनीस, वय चोपन्न.
डेस्कटॉपवर मांजराचे अकरा फोटो,
मांजर माझंच,
थकलेल्या बिलांची फाइल,
भावाला लिहायला घेऊन सोडून दिलेलं पत्र.
एवढा संसार कशाला, उकूनं विचारलं होतं.
कारण रिकाम्या घरात हे कुळ पाऊल टाकत नाही.

चार वर्षं मी मागावर आहे.
पहिला सापडला तो एका डेअरीत,
पाळण्यात काही पाय दिसले नव्हते,
पासवर्ड उचलायचा आणि पळायचा, बस.
त्याच्या मुलाला कुलपं घालता यायला लागली.
नातवानं एका दवाखान्यातले सगळे एक्स-रे
दोन दिवस कोंडून ठेवले.
त्या दोन दिवसांबद्दल मला जे माहीत आहे
ते अहवालात नाही.

सर्व्हर बदलतात, नावं बदलतात,
पण प्रत्येकाच्या पोटात एक चुकलेला शब्द,
दोन अक्षरांची अदलाबदल,
आज्याच्या हनुवटीवरचा तीळ नातवाला यावा तशी आलेली.
लिहिणारा सोमवारी उशिरा उठतो.
ऑगस्टात दोन आठवडे त्याचं काहीच येत नाही,
समुद्रावर जात असेल, मुलं असतील.
हे वाक्य मी नंतर खोडलं.

आजचा, आल्यापासून झोपलाय.
झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही,
म्हणून मी त्याचं घड्याळच पुढे ढकलते,
दहा मिनिटं, तास, अख्खी रात्र.
तो एक डोळा किलकिला करतो.
कीबोर्ड कुठल्या भाषेचा? प्रिंटर आहे?
माउस माणसासारखा हलतो का?
माणसासारखा म्हणजे चुकत. मी चुकत हलवते,
बिलावरून मांजरावर, मांजरावरून पत्रावर.
तिथे जरा थांबते.
वेल्दा थांबली असती.

पाच वाजून बारा मिनिटांनी त्याची खात्री पटली.
उकू खुर्ची ओढून बसला. मी टिपत गेले,
कुठल्या दारानं शिरला, बाहेर कुणाला हाक मारली,
जाताना किल्ली कुठे लपवली.
सगळं घराण्याला धरून. फक्त तो शब्द.
तो शब्द या वेळी बरोबर लिहिलेला.

कुणीतरी सुधारला. नाहीतर हात बदलला.
"का वारला?" उकू म्हणाला, तोंडात राईचा पाव.

पडद्यावर मांजर अकरा वेळा पुसलं गेलं.
मग बिलं. मग पत्र.
'प्रिय आर्वेद, या वर्षी सफरचंदं'
एवढंच होतं ते,
पुढे काय लिहावं मला सुचलं नव्हतं.

एक बटण दाबलं की मशीन कालच्या सकाळवर जाईल,
वेल्दाला काही आठवणार नाही.
बोट बटणावर आहे.
उकू विचारतोय, नव्याला जुनंच नाव द्यायचं का.