कोरडी होती म्हणून

निझवाच्या सनाइयात, आमच्या गॅरेजच्या मागच्या दारापासून
वादी सुरू होते. सुरू म्हणजे काय,
गोटे, बाभळीच्या जातीची दोन झाडं,
एक उलटी पडलेली ट्रॉली, शेळ्यांच्या लेंड्या.
अकरा महिने तिला नदी म्हणावं असं काहीच नसतं.

मुदीर म्हणाला, टँकरवाला महिनाभर फिरकला नाही,
पिंपं भरलीत, ओता मागे.
मी आणि शफीकुल्लाने ओतलं.
सात पिंपं जळकं ऑइल.
गोट्यांनी हूं की चूं न करता पिऊन टाकलं.
संध्याकाळपर्यंत डागसुद्धा धुळीखाली गेला.

मला कळत नव्हतं असं नाही.
कळत होतं, तेच लिहायचंय.

जतकडच्या डोंगरावर, सतराव्या वर्षी,
मी ए-फ्रेम धरून उभा राहिलेलो.
लाकडाचे दोन पाय, मधे आडवी पट्टी, दोरीला दगड.
दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत.
तिथे फक्की, तिथे चर.
बंडगर साहेब खालून ओरडायचे, माथा ते पायथा!
अरे, पायथ्यापासून सुरू कराल तर पहिलाच लोंढा बांध फोडेल.
थेंब कड्याच्या अलीकडे पडला तर कृष्णेचा,
पलीकडे पडला तर भीमेचा.
पुढे भेटतात दोघी, पण आपली विहीर
भेटायच्या आधी लागते.

फेब्रुवारीत जबलवर ढग फुटला.
निझवात ऊन. थेंब नाही.
तासाभराने गॅरेजमागे गिअर अडकल्यासारखी खरखर,
मग चहाच्या रंगाचं पुरुषभर पाणी,
ट्रॉली सरळ करून घेऊन गेलं.
सगळे मोबाइल काढून काठावर.
पाणी जमिनीखालीही चालत असतं,
त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

मेमध्ये खालच्या गावातून फोन आला, पंप बघून जा.
हुमैद बिन सैफ, फलजाचे वकील.
कोर्टातले नव्हेत, पाण्याच्या पाळ्या सांभाळणारे.
डोंगराच्या पोटातून आलेला पाट,
आटला की विहीर त्याला हातभार लावते.
आधी पिण्याचं, मग मशिदीचं, मग न्हाणीचं,
मग लिंबू, खजूर, शेवटी लसूणघास.
ते सांगत होते, मी बोटांवर मोजत होतो.
म्हणजे इथेही माथा ते पायथा.

पंप ठीक होता.
बादलीतल्या पाण्यावर मोराच्या मानेसारखा
निळा-जांभळा पातळ थर.
हे काय असेल? त्यांनी विचारलं,
मेकॅनिकला विचारावं तसं.
मी बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं.
म्हणालो, पंपाचा सील गेला असेल, बदलतो.
चांगला सील काढून नवा बसवला.
पैसे घेतले नाहीत.

त्यांनी काहवा ओतला. एवढासा कप, वेलचीचा वास.
नको असेल तर कप हलवायचा असतो.
माहीत होतं. हलवला नाही.
तिसऱ्यांदा भरला तेव्हा म्हणालो,
बाबा हुमैद, वर आमचं गॅरेज आहे.
मागे वादी आहे.
कोरडी होती म्हणून.
पिंपं सात.

ते काही बोलले नाहीत.
कप पालथा ठेवला, उठले,
पाटाच्या पिण्याकडच्या दारात
दगड सरकवून चिंध्या कोंबायला लागले.
मी दुसऱ्या बाजूने दगड धरला.
पाणी अडलं, बोटभर फुगलं,
आणि आपल्या पाळीप्रमाणे
मशिदीकडे निघालं.