धोटा पोचल्याशिवाय

अकरा-बारा दिवसांत एकदा कोसळतं यंत्र,
तेही कुणी बघत नसताना.
बघायचं म्हणून एक ओळ छापायला लावली
तर महिनाभर शहाण्यासारखं चाललं.

वडगावात इरण्णा कामकरांच्या मागांवर माझी खोली.
खाली बारा यंत्रमाग. टेबलावरच्या चहात
सारखी वर्तुळं उठतात, आणि मी वाचते
मेलेल्या यंत्राचं शेवटचं बोलणं :
कुणीतरी वाचत होतं मेमरीतलं ते पान
जे कुणीतरी आधीच परत केलं होतं.

दोघंही बरोबर होते, हेच तर अवघड.
एकानं पाहिलं, पान रिकामं आहे. सोडलं.
दुसऱ्यानं पाहिलं, पान जागेवर आहे. उचललं.
मधल्या फटीत ते तिसऱ्याला दिलं गेलं
आणि दुसऱ्याच्या हाती राहिला
नुसता जुना पत्ता.
आमच्याकडे पाट्या पुसतात, पुन्हा रंगवतात,
पोस्टमनला जुनीच गल्ली पाठ.
पण तो दारात विचारतो तरी.

सगळीकडे कुलपं घालून बघितली.
कोसळणं थांबलं,
चालणंही जवळजवळ थांबलं.
काढली.

रात्री दोनला लाइट गेली.
एवढी शांतता की कान दुखले.
खाली गेले तर इरण्णा बॅटरी धरून वाकलेला.
"तुटलं?"
"नाही. धोटा मधेच राहिलाय.
फणी आली असती तर चारशे धागे गेले असते."
"मग आली का नाही?"
त्यानं पेटीजवळची बोटभर लोखंडी जीभ दाखवली.
धोटा घरात शिरला की ती उचलली जाते.
नाही शिरला, तर अख्खा माग धाडकन अडवते.
"ही म्हणते, तडी. आत कोण तर हाय."

लाइट आली तेव्हा चार वाजले होते.
दोन ओळींची अदलाबदल :
आधी मोजणीत स्वतःला धरायचं,
मग कुलूप सोडायचं.
उलट लिहिणाऱ्याचं नाव शोधलं.
सहा वर्षांपूर्वीची मीच.

का बदललं, ते सांगायला चाळीस ओळी लागल्या.

आज तेरावा दिवस.
यानं काही सिद्ध होत नाही.
चहा थरथरतोय.
खाली एक माग धाडकन थांबतो,
इरण्णा कानडीत शिवी हासडतो,
आणि मला बरं वाटतं.