फक्की

रेष मी आखली होती.
हे आधीच सांगून टाकतो,
कारण त्या रात्री सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं,
मला सोडून.

हर्णैच्या बंदराशेजारी, होड्या वर ओढतात तिथे,
दुपारी दोन खुंट्या, एक सुंभाची दोरी,
आणि तुपाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून भरलेली फक्की.
वारा समुद्राकडचा. दोरीने मधोमध पोट काढलं.
चार बोटं. फार नाही.
तिथेच एक कुर्लीचं बीळ, ते चुकवताना मीही थोडा कललो.
पुसून पुन्हा मारायला डब्यात काही उरलं नव्हतं,
आणि हॅलोजनखाली कोण मोजतंय, म्हटलं.

एकतीस-एकतीस.
शेवटची चढाई हरेश्वर चोगलेची.
निदान रेषा ओलांडून आत गेला तो गेलाच.
घोटा एकाने धरला, कंबर दामोदर पावसेने,
मग बाकीचे पडले,
जाळं झटकल्यावर मासळी पडते तसे, कोण कुणावर ते न बघता.
ढिगाखालून फक्त एक हात बाहेर
आणि दम, अजून चालू,
कबड्डीतलं नुसतं ब्ब ब्ब उरलेलं.
हात सरकला. शिट्टी वाजली.
तोडणकर गुरुजी खुंटीजवळ गुडघ्यावर होते.
उठले, वाळू झाडली, म्हणाले, "बाद."

"थांबा, माझ्याकडे हाय!"
नौशाद मुकादम ओरडला.
बांबूला बांधलेला त्याचा मोबाईल
सामना पार कुवेतपर्यंत दाखवत होता.
बक्षीस समारंभाच्या पडद्यावर मग ते बोट आलं,
होडीएवढं.
मागे. पुढे. मागे.
"टेकलं." "नाय टेकलं."
"फक्की उडालीय ती." "फक्की नाय, नख हाय."
कुवेतहून कुणाचा तरी फोन, "आम्हाला इथून स्पष्ट दिसतंय,"
आणि त्याच्याच खोलीतला दुसरा मागून,
"काय दिसतंय तुला, डोंबल!"
अकराव्यांदा थांबवलं तेव्हा
पडद्यावर नखही नव्हतं आणि रेषही नव्हती,
नुसते पांढरे चौकोन, एकमेकांना खेटून.

कुणीतरी म्हणालं, हात दाखव.
हरेश्वरने दाखवला. पांढरा.
पण पांढरे तर सगळ्यांचेच होते,
पकडणाऱ्यांचे, गुरुजींचे,
वडे थापणाऱ्या सुगंधाबाईंचेसुद्धा.
माझे कोपरापर्यंत.

सव्वाबाराला ठरलं, अर्ध्या नखाने सुटला.
चषक गेला, बोकड गेला, फटाके ओले निघाले.
दामोदर एका होडीच्या फळीवर बसून राहिला,
हात अजून गोल,
कुणाच्या तरी कंबरेएवढे.

मोबाईल खोटं बोलला नाही.
त्याने फक्की पाहिली, आणि फक्कीला बोट लागलं होतं.
पण पोट होतं ते पकडणाऱ्यांच्या बाजूला,
रेषच चार बोटं त्याला घ्यायला पुढे आली होती.
गुरुजींनी फक्की पाहिलीच नव्हती.
शाळेत कवायतीची रांग बघायचे तसं
एक डोळा मिटून, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत
पाहिलं होतं.
मी हे बोललो नाही.
बोकडाचा रस्सा मलाही वाटीभर आला,
तो खाल्ला.

पहाटे भरतीने अर्धं मैदान नेलं.
मी खुंट्या उपटत होतो, तेव्हा गुरुजी आले,
शिट्टीचा गोफ मनगटाला गुंडाळलेला.
विचारतील म्हणून उत्तर तयार होतं,
सगळं वाऱ्यावर ढकलायचं.
त्यांनी दोरी उचलली, बोटांत फिरवली.
"पुढच्या खेपेला भिजवून घे," म्हणाले.
"ओलं सुंभ पोट काढत नाही."
आणि दुसरं टोक धरून
माझ्याकडे गुंडाळत येऊ लागले.