तीसच्या वर

नियम मीच लिहिला होता.
एका वेळी तीसपेक्षा जास्त पत्ते असतील
तर ईमेल अडवायचा.
त्या आठवड्यात आमच्या एका गिऱ्हाइकाच्या संगणकानं,
त्याच्या नकळत, एका रात्रीत
गोळ्यांच्या नव्वद हजार जाहिराती जगभर वाटल्या
आणि जगानं आमच्या कंपनीच्या नावावर फुली मारली.
काहीतरी करणं भाग होतं.

एफी मॅकास्किलचा फोन आला तो मे महिना.
वय सत्त्याहत्तर. केप ब्रेटनचा उत्तर किनारा.
चर्चच्या दफनभूमीची वही तिच्याकडे.
तिकडे हिवाळ्यात जमिनीचं लोखंड होतं,
कुदळ उडते,
म्हणून जानेवारीत गेलेला माणूस
दगडी खोलीत थांबून राहतो.
बर्फ उतरलं की एफी सगळ्यांना कळवते:
"माती मऊ झाली. गुरुवारी अकराला रॉरीला माती देऊ.
सँडविचं मी आणते. फावडी तुम्ही आणा."

एकेचाळीस पत्ते.

"परत आलं," ती म्हणाली.
"यंत्र म्हणतंय, माझं वागणं संशयास्पद आहे."
रागावली नव्हती. चष्मा शोधून
पुन्हा एकदा वाचून दाखवलं तिनं,
एकेक शब्द सुटा करून.

मी पढवल्याप्रमाणे बोललो:
तुमच्याच सुरक्षेसाठी आहे, मॅडम.
दोन भाग करा. आधी तीस, तासाभरानं अकरा.

"मागच्या अकरात कुणाला घालू?"

गव्हाबरोबर किडेही रगडले जातात म्हणतात.
आमच्या जात्यातून किडे सुखरूप बाहेर पडत होते.
त्याच सकाळी माझ्या इनबॉक्समध्ये
कुठल्याशा सेनापतीची विधवा
अर्धी इस्टेट मला देऊ करत होती.
ती एका वेळी एकालाच लिहीत होती.
नियमात बसत होती.

मर्यादा वाढवायला अर्ज लागतो, मी म्हणालो,
कामाचे तीन दिवस.
त्या दिवशी मंगळवार होता.

"राहू दे, पोरा. ट्रक आहे. दारोदार जाईन."
मग थोडं थांबून,
"यादीत रॉरीचाही पत्ता आहे अजून.
तो काढला तर चाळीस होतील.
काढायला हवा का?"

मागे तिच्या किटलीची शिट्टी वाजत होती.
उत्तराच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं.

रात्री सगळे गेल्यावर नियम उघडला,
तीस खोडून एकेचाळीस केले.
खाली बदलाचं कारण भरल्याशिवाय
तो रकाना पुढे जाऊ देत नाही.
बराच वेळ बसलो.
मग लिहिलं: माती मऊ झाली.