दोघांपैकी कुणालाही

शोरूममधल्या पोरानं मला सरळ स्कूटीपाशी नेलं.
गुलाबी होती. डिकीत छत्री मावते, म्हणाला.
हिंमतला त्यानं आत नेलं, जिथं दीडशे सीसीचं काळं धूड
लाइटाखाली उभं होतं, शिंगं रंगवलेल्या गोऱ्ह्यासारखं.
हिंमत चढला.
दोन्ही पायांचे अंगठे हवेत.

लग्नात मारवडच्या मामी म्हणाल्याच होत्या,
'पोर बोटभर जास्तीच शे.'
बोटभर कुठली, चांगली चार बोटं.
त्या दिवशी ती पहिल्यांदा कामी आली:
मी चढले, माझे पाय टेकले.
पोरगा टायरकडे बघत राहिला.

चालवता दोघांनाही येत नव्हती.
स्कूटी नको म्हटलं, कारण जानव्याच्या उपकेंद्राला जाताना
पाटचारीचा रस्ता आहे,
मुरूम म्हणून टाकलेले धोंडे आहेत,
खांद्याला लसीचा डबा आहे. आणि तिची चाकं एवढीशी.

चोपडा रोडवर रज्जाकभाईंपुढं हिंमतनं कागद ठेवला.
मायलेज, हप्ता, सीटची उंची, गाडीचं वजन,
सगळे रकाने पट्टीनं आखलेले.
जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो तो,
रात्रभर क्विंटल लिहितो.
रज्जाकभाईंनी त्याच कागदाला हात पुसले.
'एकच बघा,' म्हणाले. 'पडणार तर आहेच.
पडल्यावर दोघांपैकी कुणालाही
एकट्यानं उचलता आली पाहिजे.'

कोपऱ्यात शंभर सीसीची एक होती,
रिटायर झालेल्या पोस्टमास्तरांची.
टाकीवर रेक्झिनचं कव्हर,
साडीगार्डात अडकलेली मेथीची वाळकी काडी.

बाजार समितीच्या आवारात, लिलाव नसलेल्या दिवशी,
आम्ही ती मुद्दाम आडवी केली.
हळूच, पेशंटला कुशीवर करावं तशी.
आधी मी. पाठ गाडीकडे, जोर गुडघ्यांतून.
उठली.
मग हिंमत. पहिल्यांदा नाही.
दुसऱ्यांदा अर्धी आली आणि परत बसली.
हमाल तंबाखू मळत बघत होते. एक जण पुढं आला,
त्याला मी हातानंच थांबवलं.
एकशे आठ किलो, हिंमत पुटपुटला,
जसं काही पावतीवर लिहायचं होतं.
तिसऱ्यांदा ती उठली, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला
तो लग्नाच्या तीन वर्षांत मी ऐकला नव्हता.

क्लच मला दोन दिवसांत आला, त्याला आठ.
झोळीतलं लेकरू झोपलं की दोरी कशी सोडतात,
तसा सोड, मी सांगायचे.
आपल्याकडं लेकरू कुठंय, तो म्हणायचा,
आणि गाडी बंद पडायची.
एकदा धक्का मारता मारता हसून हसून
दोघंही खालीच बसलो, वैशाखात,
तापलेल्या फरशीवर, आणि लगेच उठलो.

फॉर्मवर मालकाच्या नावाला एकच रेघ.
कुठलाही रकाना रिकामा न ठेवणाऱ्या माणसानं
ती एक रात्र रिकामी ठेवली.
सकाळी माझं नाव लिहिलं होतं,
जरा तिरकं.
आरडाओरडा झाला तो सासऱ्यांचा, आठवडाभर.
पेट्रोल भरायच्या वेळी मालक कोण,
यावर आमचा अजून होतो.

हंगामात तो सातला काट्यावरून येतो, मी निघते.
उंबऱ्यावर किल्ली या हातातून त्या हातात,
कधी डबाही, कधी नुसतं 'ब्रेक जरा लागतोय'.
सीट कोमट असते.
आरसे त्याच्या मापाचे,
त्यांत मला मागचा रस्ता दिसत नाही,
चाकानं नुकतेच सोडलेले खडे दिसतात, माझं कोपर,
लसीच्या डब्याचा निळा पट्टा.
फाट्यापर्यंत मी तशीच जाते.

'तुझ्या आरशात मला नुसतं आभाळ दिसतं,'
तो म्हणाला परवा, हेल्मेटचा पट्टा शोधत.
मग नीट करून घे ना.
'घेतो,' म्हणाला.
स्टेशन रोडच्या वळणापर्यंत मी दारातून बघत होते.
घेतले नाहीत.